नेमाचें पिस्तूल आणि कमरेचें पिस्तूल

डिंगोरे येथील एका वाचक भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या इच्छेस मान देऊन त्यांचें नांव आम्ही येथें देत नाहीं. डिंगोरे हें जुन्नर तालुक्यांतील गांव. कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तें वसलें आहे. या बाजूस शेतांत ऊंस, उंसांत बिबट्या, आणि माणसांची वस्ती मळ्यामळ्यांतून विखुरलेली, अशी आज पुष्कळ वर्षांची स्थिति आहे. या भगिनींचे यजमान शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त होऊन मळ्यांतील घरीं राहावयास आले आहेत. कन्या पुण्यास महाविद्यालयांत शिकते व दोन वर्षें हवाई पिस्तुलानें नेमबाजीचा सराव करिते. तिचा हात चांगला बसला आहे, सबब आतां तिनें खऱ्या काडतुसाच्या ०.२२ पिस्तुलाकडे वळावें, असें तिच्या शिक्षकांनीं सुचविलें आहे. इकडे यजमानांच्याही मनांत एक पिस्तूल घ्यावयाचें आहे; पण तें निराळें. रात्रीं-अपरात्रीं पिकास पाणी देण्यासाठीं बाहेर पडावें लागतें, तेव्हां कमरेस बाळगतां येईल असें लहानसें पिस्तूल परवाना काढून घ्यावें, असें त्यांस वाटतें. बाईंचा प्रश्न साधा व संसारी आहे : "दोन पिस्तुलांचा खर्च आम्हांस झेपणारा नाहीं. एकच घेऊन त्यानेंच मुलीचा सराव आणि यांचें संरक्षण अशीं दोन्ही कामें कां होऊं नयेत? आणि मुळांत असली वस्तु घरांत यावी कीं नाहीं, हेंही आपण मोकळेपणानें सांगावें."

प्रश्न एका घरचा असला तरी आज तो अनेक घरांत निघूं लागला आहे, म्हणून त्याचा विचार येथें थोडा विस्तारानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या सुशिक्षित घरांतून शस्त्राची ओळख फार दिवस तुटलेली आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें सामान्य माणसाच्या घरांतून बंदूक गेली, ती पुन्हा सहजपणें आली नाहीं. त्यामुळें पिस्तूल या शब्दानें आपल्या मनांत जें चित्र उभें राहतें, तें वाचनांतून आलेलें असतें. एक चित्र क्रांतिकारकांच्या चरित्रांतील. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांवर ज्या ब्राउनिंग पिस्तुलानें गोळ्या झाडल्या, तें कपड्याखालीं लपविण्याजोगें होतें आणि अगदीं जवळून चालविलें गेलें. दुसरें चित्र अलीकडचें, व तें क्रीडाभूमीवरील आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१३ सालीं दक्षिण कोरियांतील चांगवॉन येथें विश्वचषक स्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें, आणि २०१८ सालीं इंडोनेशियांत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेंतही त्याच प्रकारांत त्या पहिल्या आल्या. हीं दोन्ही चित्रें आपण एकाच शब्दानें ओळखतों, आणि येथेंच घोंटाळ्यास आरंभ होतो. विळी व अडकित्ता या दोहोंनाही धार असते. पण विळीवर कोणी सुपारी कातरीत नाहीं, व अडकित्त्यानें भाजी चिरीत नाहीं. दोन्ही वस्तु आपापल्या कामासाठीं घडविलेल्या आहेत, आणि पिस्तुलांचेंही तसेंच आहे.

तें कसें, हें पुस्तकावरून सांगण्यापेक्षां डोळ्यांनीं पाहून सांगावें, म्हणून आम्ही पुणें भागांतील एका चांदमारीवर गेलों. तेथील शिक्षकांनीं संस्थेच्या परवान्यावरचीं दोन पिस्तुलें मेजावर शेजारीं शेजारीं मांडलीं. एक २५ मीटरच्या स्पर्धेचें ०.२२ चें, दुसरें बाळगण्याच्या जातीचें, ०.३२ चें.

स्पर्धेचें पिस्तूल प्रथम पाहूं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें याच्या गोळीचा व्यास ५.६ मिलीमीटर, वजन जास्तींत जास्त १,४०० ग्रॅम, आणि नळी जास्तींत जास्त १५३ मिलीमीटर लांब असावी लागते. सर्व पिस्तूल ३०० मिलीमीटर लांब, १५० उंच व ५० रुंद अशा पेटींत बसलें पाहिजे. त्याची मूठ लांकडाची असून ती नेमबाजाच्या पंजाप्रमाणें कोरलेली असते. अंगठ्यास निराळा खळगा, तळव्याच्या कडेस आधाराची फळी, बोटांस निरनिराळ्या खांचा. दुसऱ्याच्या हातांत ती मूठ परक्या माणसाच्या वहाणेसारखी लागते. चाप हलका असतो. पण किती हलका, यासही मर्यादा आहे. स्पर्धेपूर्वीं पंच चापास एक किलोग्रॅमचें वजन अडकवून पिस्तूल उभें उचलून पाहतात. तें वजन पेलून चाप सुटतां कामा नये. हवाई पिस्तुलास हीच मर्यादा ५०० ग्रॅम आहे.

आतां बाळगण्याचें पिस्तूल. तें तळहातावर मावतें, वजन अर्ध्याच्या आसपास, कडा गोलसर केलेल्या, कोठें कांहीं अडकूं नये अशी बेतशीर घडण. मूठ सर्वांस सारखीच, व इतकी आंखूड कीं करंगळीस जागा पुरत नाहीं. चाप मात्र जड. अशा पिस्तुलांचा चाप बहुधा अडीच ते तीन किलोग्रॅम जोर मागतो, आणि दुहेरी चालीच्या रिव्हॉल्व्हरांत याहूनही अधिक. हा दोष नव्हे. जी वस्तु कमरेस लावून चालावयाचें, बसावयाचें, प्रसंगीं धांवावयाचें, तिचा चाप हलका असेल तर ती प्रथम बाळगणाऱ्याच्याच मांडीस इजा करील. म्हणून कारागिरानें तो हेतुपूर्वक जड ठेविलेला असतो.

पण ज्या गुणांमुळें हें पिस्तूल बाळगण्यास सोयीचें झालें, त्याच गुणांमुळें तें चालविण्यास कठीण झालें आहे. याचीं कारणें तीन आहेत, व तीं समजण्यास शाळेंतील गणितापलीकडे कांहीं लागत नाहीं.

पहिलें कारण नजरेच्या रेषेचें. पिस्तुलाच्या मागील टोंकास एक खांच व पुढील टोंकास एक माशी असते. माशी खांचेच्या बरोबर मध्यें दिसली म्हणजे नेम जुळला. स्पर्धेच्या पिस्तुलांत या दोहोंमधील अंतर २२० मिलीमीटरपर्यंत असतें. आमच्यापुढील लहान पिस्तुलांत तें सुमारें ११०, म्हणजे निम्मेंच होतें. समजा, नेम जुळवितांना माशी एक मिलीमीटर बाजूस सरली. तर २५ मीटरांवर स्पर्धेच्या पिस्तुलाची गोळी सुमारें ११४ मिलीमीटर बाजूस जाईल, आणि लहान पिस्तुलाची सुमारें २२७ मिलीमीटर. चूक तीच, फळ दुप्पट. आतां २५ मीटरच्या संथ नेमबाजीच्या लक्ष्यांत दहा गुणांचें वर्तुळ ५० मिलीमीटर व्यासाचें असतें. तें साधण्यास मोठ्या पिस्तुलांत माशी पाव मिलीमीटरही हलूं देतां येत नाहीं. साध्या पोस्टकार्डाची जाडी डोळ्यांपुढें आणावी. लहान पिस्तुलांत तर या जाडीच्या निम्म्याचाही भरंवसा ठेवतां येत नाहीं.

दुसरें कारण चापाचें. सव्वा किलोचें पिस्तूल एक किलोच्या जोरानें ओढिलें, तर तें फारसें ढळत नाहीं. साडेसहाशें ग्रॅमचें पिस्तूल तीन किलोच्या जोरानें ओढिलें, तर ओढणारें बोट पिस्तुलाच्या वजनाहून चौपट-पांचपट बळकट ठरतें, आणि सगळें पिस्तूलच बोटाबरोबर वळूं पाहतें. उजव्या हाताच्या माणसाची गोळी अशा वेळीं बहुधा खालीं व डावीकडे जाते. चांदमारीवरील जुनी मंडळी कागदावरील छिद्रें पाहूनच हें ओळखतात.

तिसरें कारण धक्क्याचें. ०.२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते व ०.३२ ची साडेचार ग्रॅमच्या. गोळी जितक्या नेटानें पुढें जाते, तितक्याच नेटानें पिस्तूल मागें येतें. आणि पिस्तूल हलकें असलें कीं तें अधिक वेगानें येतें. गोळीचें वजन, तिचा वेग आणि पिस्तुलाचें वजन हीं मांडून पाहिलीं, तर लहान पिस्तूल मोठ्याच्या अडीच ते तीनपट वेगानें हातावर आदळतें असें निघतें. २०१४ सालीं कानपूरच्या सरकारी कारखान्यानें स्त्रियांच्या संरक्षणासाठीं म्हणून 'निर्भीक' नांवाचें ०.३२ चें रिव्हॉल्व्हर काढलें. त्याचें वजन अवघें ५०० ग्रॅम, व त्या वेळची किंमत १,२२,३६० रुपये होती. पर्समध्यें तें हलकें, हें खरें. परंतु हातास हलकेपणा सुखाचा असतोच असें नाहीं. एकदां धक्का बसला कीं दुसऱ्या वेळीं चाप ओढण्यापूर्वींच मनगट नकळत आवळतें व डोळे मिटतात. हा भ्याडपणा नव्हे, शरीराचा धर्म आहे. तो जिंकण्यास पुष्कळ दिवस जातात.

हें सर्व ऐकून घेतल्यावर आम्हीं प्रत्यक्ष प्रयोग पाहिला. दोन सभासद पुढें आले. एक महाविद्यालयांतील तरुणी. ती आठवड्यांतून पांच दिवस सराव करणारी. दुसरे पन्नाशीचे गृहस्थ. त्यांच्यापाशीं स्वसंरक्षणाचा परवाना बरींच वर्षें आहे, पण चांदमारीवर येणें वर्षाकांठीं एखाद्-दुसरे वेळीं. दोघांनींही दोन्ही पिस्तुलांनीं प्रत्येकीं दहा गोळ्या २५ मीटरांवरून झाडाव्या, असें ठरलें. कानांवर आवरणें, डोळ्यांवर चष्मे, आणि शिक्षकाच्या शब्दाशिवाय मेजावरील वस्तूस कोणीही हात लावावयाचा नाहीं, असा तेथील दंडक होता.

तरुणीच्या ०.२२ च्या दहाही गोळ्या लहानशा वाटीच्या तोंडाएवढ्या जागेंत बसल्या. तिनेंच लहान पिस्तूल घेतलें, तेव्हां सर्व गोळ्या कागदावर राहिल्या खऱ्या, पण त्यांचा पसारा पितळी ताटाएवढा झाला, व तोही डावीकडे खालीं झुकलेला. गृहस्थांनीं आपल्या ओळखीच्या जातीचें लहान पिस्तूल आधीं घेतलें. दहांपैकीं चार गोळ्या कागदास लागल्या. उरलेल्या सहा मागील मातीच्या बांधांत गेल्या. नंतर त्यांच्या हातीं ०.२२ चें पिस्तूल दिलें. मूठ त्यांच्या हाताची नव्हती, तरी दहाही गोळ्या कागदावर आल्या. तें पाहून ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे डोळा अजून शाबूत आहे, बोटच शिकलेलें नाहीं." आम्हांस वाटतें, सबंध प्रयोगाचें सार याच वाक्यांत आहे. नेमाचें पिस्तूल माणसाचा दोष त्यास दाखवून देतें, कारण त्याचे स्वतःचे दोष फार थोडे असतात. गोळी बाहेर गेली तर चूक कोणाची, याविषयीं वाद राहत नाहीं. लहान पिस्तुलांत हाताचा दोष व हत्याराची अडचण अशीं एकांत एक मिसळतात कीं, शिकणारास कशाची सुधारणा करावी हेंच उमगत नाहीं.

न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २५ मीटर हें लहान पिस्तुलाचें अंतर नव्हे. शिक्षकांनीं लक्ष्य सात मीटरांवर आणलें. तेव्हां तरुणीच्या लहान पिस्तुलाच्या गोळ्या मुठीएवढ्या जागेंत आल्या, आणि गृहस्थांच्या सुमारें वीतभर जागेंत. म्हणजे ज्या कामासाठीं तें घडविलें आहे त्या कामापुरतें तें नीट चालतें. मग शिक्षकांनीं आणखी एक गोष्ट केली. स्पर्धेच्या दुसऱ्या भागांत हात पंचेचाळीस अंशांत खालीं ठेवून उभें राहावें लागतें, आणि खूण होतांच तीन सेकंदांत हात वर करून एक गोळी झाडावी लागते. मध्यें सात सेकंदांची विश्रांति, व पुन्हा तेंच. सात मीटरांवर या रीतीनें पांच गोळ्या झाडण्यास त्यांनीं दोघांसही सांगितलें. तरुणीच्या हातांत त्या रीतीचा सराव मुरलेला होता. लहान पिस्तुलानेंही तिच्या पांचही गोळ्या कागदावर बसल्या. गृहस्थांच्या दोन बसल्या, दोन चुकल्या, आणि एकदां सुरक्षेचा खटका काढण्याचेंच राहून गेल्यामुळें वेळ संपली. येथें उजेड होता, जमीन सपाट होती, समोर कागद होता, आणि त्या कागदाकडून कसलेंच भय नव्हतें.

यावरून एकच पिस्तूल दोन्ही कामांस कां चालणार नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. लहान पिस्तूल मुलीस स्पर्धेंत उपयोगी नाहीं. २५ मीटरच्या महिला स्पर्धेंत ५.६ मिलीमीटरशिवाय दुसरी गोळी चालत नाहीं. उलट नेमाचें पिस्तूल यजमानांनीं कमरेस बाळगावें, तर तें बाळगण्यासारखें नाहीं. मूठ व माशी कपड्यांत अडकणार. हलका चाप अंधारांत धडपडतांना नको तेव्हां सुटणार. शिवाय कायद्याच्या दृष्टीनेंही परवान्याच्या अर्जांत हेतु लिहून द्यावा लागतो. नेमबाजीचा हेतु निराळा व स्वसंरक्षणाचा निराळा. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें सामान्य परवानेदारास दोहोंहून अधिक बंदुका-पिस्तुलें ठेवतां येत नाहींत. आणि २०१६ च्या नियमांप्रमाणें अर्जदारानें शस्त्र हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला, व तें घरांत सुरक्षित ठेवण्याची हमी देणें आवश्यक आहे. पुणें जिल्ह्याच्या ग्रामीण भागांत हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो.

आतां मूळ भयाकडे, म्हणजे बिबट्याकडे वळूं. यजमानांच्या काळजीस आम्ही हंसत नाहीं. जुन्नर, आंबेगांव व शिरूर या तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि ज्याचें पोर गेलें त्यास शहरांत बसून उपदेश करणें शोभत नाहीं. तथापि प्रश्न असा आहे कीं, या भयावर पिस्तूल हा उपाय आहे काय? बिबट्या सूचना देऊन समोरून येत नाहीं. तो बहुधा पाठीमागून, खालून, उंसाच्या कडेनें, आणि वांकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर येतो. चांदमारीवर, दिवसा-उजेडीं, आधीं खूण मिळूनही ज्या हातास तीन सेकंद पुरत नाहींत, त्या हातानें अंधारांत, एका हातीं विजेरी असतांना, कमरेचें पिस्तूल काढून हलत्या जनावरावर नेम धरावा, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करावी? आणि जखमी झालेला बिबट्या धड बिबट्यापेक्षां अधिक घातक असतो, हें जुने शिकारीही सांगत आले आहेत. चुकलेली गोळी कोठें तरी थांबतेच. ती शेजारच्या गोठ्यांत थांबेल, कीं बांधापलीकडे पाणी देणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या अंगांत, हें त्या क्षणीं कोण पाहणार?

कायदाही ध्यानांत ठेवावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बिबट्यास संरक्षण दिलें आहे. प्राणावर बेतलें असतां सद्बुद्धीनें केलेल्या बचावास तो कायदा गुन्हा मानीत नाहीं. परंतु बिबट्या दिसला म्हणून गोळी झाडण्याची मुभा कोणासही नाहीं. तें ठरविणें वनखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचें काम आहे. जुन्नर तालुक्यांतच माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारण केंद्र आहे, व पिंजरा, पकड वगैरे गोष्टी वनखात्याच्या माणसांकडूनच व्हावयास पाहिजेत. घरच्यांनीं करावयाच्या गोष्टी साध्या आहेत : अंगणांत व गोठ्यापाशीं चांगला उजेड, जनावरांस चारी बाजूंनीं व वरूनही बंद असा गोठा, रात्रीं एकट्यानें न जातां दोघांनीं बोलत, काठी आपटीत जाणें, मुलांस सांजवेळीं उंसाच्या कडेस एकटें न सोडणें, आणि घराशेजारीं लगतच ऊंस न लावणें. यांत मर्दुमकीचें कांहीं नाहीं, म्हणूनच कदाचित् या उपायांकडे दुर्लक्ष होतें. परंतु पिस्तुलास जो खर्च यावयाचा, त्याच्या थोड्या अंशांत गोठा व दिवे होतात, आणि मालक निजला असतांही ते आपलें काम करीत असतात.

चोरांविषयीं काय, असें कोणी विचारील. माणसापासून असलेलें भय निराळें आहे, आणि ज्यांस खरोखरच धमक्या येतात किंवा ज्यांचा धंदाच जोखमीचा आहे, त्यांनीं परवाना घेणें गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांनींही एक विचार करावा. पिस्तूल कपाटांत कुलूपबंद ठेविलें तर संकटाच्या वेळीं हातांत येत नाहीं. उशाशीं ठेविलें तर तें मुलांच्या, नातवंडांच्या, आलेल्या-गेलेल्यांच्या हातांत येतें. घरांत कधीं संताप असतो, कधीं कोणास कमालीचें नैराश्य येतें. ज्या क्षणास दुसऱ्या दिवसाची सकाळ मिळाली असतां तो सहज टळला असता, त्या क्षणीं भरलेलें पिस्तूल हातीं लागूं नये, ही प्रत्येक घरच्या वडील माणसाची जबाबदारी आहे. म्हणून शस्त्र निराळ्या कुलपांत, काडतुसें निराळ्या कुलपांत, आणि किल्ल्या एकाच्याच स्वाधीन, हा नियम मोडतां कामा नये; व हा नियम पाळिला कीं 'क्षणार्धांत उपयोग' ही कल्पना बरीचशी गळून पडते, हेंही प्रामाणिकपणें मान्य करावें.

आमच्या मतें या विषयांतील खरी अडचण येथें आहे कीं, जें पिस्तूल चालविण्यास अधिक अवघड, त्याचाच सराव सर्वांत कमी होतो. नेमाच्या पिस्तुलाची मुलगी रोज तासन् तास उभी राहते. घरीं असतांना भिंतीवरील पांढऱ्या कागदासमोर, काडतुसावांचून, केवळ चाप ओढण्याचा कोरा सराव शेंकडों वेळां करिते. गवयानें पहाटे षड्ज लावावा, तसा तो नेम असतो. उलट बाळगण्याच्या पिस्तुलाचा मालक परवाना मिळविण्यास कष्ट करितो, किंमत मोजितो, आणि वस्तु घरीं आली कीं काम संपलें असें समजतो. काडतुसें मोजून मिळतात व महाग पडतात, म्हणून तीं जपून ठेवितो. तंबोरा विकत घेतला म्हणून कोणास गाणें आलें, असें आपल्या घरांत कोणी म्हणत नाहीं. पण पिस्तूल विकत घेतलें म्हणून संरक्षण आलें, असें मात्र शहाणीं माणसेंही समजतात.

तेव्हां या भगिनींस आमचें उत्तर असें. कन्येस ०.२२ कडे अवश्य जाऊं द्यावें. त्यासाठीं लगेच स्वतःचें पिस्तूल घेण्याची गरज नाहीं. रीतसर संस्थेचें सभासदत्व घेऊन, संस्थेच्या पिस्तुलावर, शिक्षकांच्या देखरेखीखालीं तिनें एक-दोन वर्षें काढावीं, व पुढें तिची प्रगति पाहून खर्चाचा विचार करावा. या खेळानें श्वास, दृष्टि व मन हीं तिन्ही स्वाधीन राहण्यास शिकतात, आणि मुलीस तो लाभ पदक न मिळालें तरी होतोच. यजमानांस आमचें सांगणें नकार देण्याचें नाहीं, क्रम बदलण्याचें आहे. त्यांनीं आधीं गोठा व दिवे करावे. नंतर कन्येबरोबर सहा महिने चांदमारीवर जाऊन १० मीटर हवाई पिस्तुलानें सराव करावा; कमी शक्तीच्या हवाई पिस्तुलास शस्त्र परवाना लागत नाहीं, व त्याची छर्‌यांची किंमतही माफक असते. मुलीनें बापास शिकवावें, यांत कमीपणा मानूं नये. शिक्षकाचा धंदा ज्यांनीं केला, त्यांस विद्यार्थी होण्याची गोडी अधिकच असावयास हवी.

सहा महिन्यांनंतरही लहान पिस्तूल पाहिजेच असें वाटलें, तर तें घेण्यापूर्वीं त्यांनीं एखाद्या संस्थेंत शिक्षकांसमक्ष तशा पिस्तुलाच्या पन्नास गोळ्या सात मीटरांवरून झाडून पाहाव्या, आणि कागद घरीं आणून घरच्या मंडळींपुढें ठेवावा. त्या कागदावर जें दिसेल, त्यावरून परवान्याचा अर्ज करावा कीं नाहीं, हें बाईंनीं व यजमानांनीं मिळून ठरवावें. तोपर्यंत रात्रीं मळ्यांत जातांना बरोबर दुसरा माणूस, हातांत मोठी विजेरी व काठी असूं द्यावी, एवढें आम्ही आग्रहानें सुचवितों.